चक वॅगन आणि आमचे दोन खण

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आई-बाबा आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. त्यांना बिग बेंड दाखवायचं म्हणून निघालो. आमची जुनी फोर व्हील ड्राइव्ह, आणि मागे नेहमीसारखा सामानाचा ढीग. संध्याकाळी वस्तीपासून लांब होतो, जेवायला उशीर झाला होता, आणि बाबांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले. इन्शुलिन घेतात ते, साखर उतरली होती.

ग्लुकोजची पावडर गाडीतच होती हो! पण कुठे? तंबूखाली? तांदळाच्या पिशवीमागे? मी वेड्यासारखा सामान बाहेर फेकत होतो. शेवटी आईच्या पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या कामाला आल्या. आई मला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

परत आल्यावर पहिलं काम ठरलं, गाडीच्या मागे खण करायचे. नकाशे शोधता शोधता लक्षात आलं की हा उद्योग इथे टेक्ससमध्येच दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलाय.

त्याचं नाव चार्ल्स गुडनाइट. 1866 साली त्याने आणि ऑलिव्हर लव्हिंगने 18 माणसं आणि सुमारे 2000 गुरं घेऊन टेक्ससमधून न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरकडे कूच केलं. तिथे सरकारने हजारो नाव्हाहो लोकांना त्यांच्या मुलखातून हाकलून आणून डांबलं होतं. त्यांची उपासमार चालली होती, म्हणून मांसाला गिऱ्हाईक होतं. या साहसकथेची ही दुसरी बाजूही विसरू नये. वाटेत पेकोस नदीपर्यंतचा टापू असा कोरडा, की तहानेने शेकडो गुरं मेली.

तोवर गुराखी आपली शिदोरी खोगिराच्या पिशवीत किंवा खेचरावर नेत. गुडनाइटने सैन्याने विकायला काढलेली एक दणकट गाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला एक उभं कपाट बसवलं. आत लहानमोठे खण आणि कप्पे. पीठ, कॉफी, घेवडा, साखर, सगळ्याला आपापली जागा. कपाटाचं दार खालच्या बाजूला बिजागरीवर, खाली पाडलं आणि पाय लावला की झालं स्वयंपाकाचं टेबल. गाडीच्या पोटाखाली गाईचं कातडं झोळीसारखं बांधायचे, त्यात सरपण आणि वाळलेलं शेण. जळणाची ही तऱ्हा आपल्याला नवी नाही :) त्या काळच्या बोलीत 'चक' म्हणजे खाणं, म्हणून ही चक वॅगन. 2005 मध्ये टेक्ससने तिला राज्याचं अधिकृत वाहन म्हणून जाहीर केलं.

मला मात्र अडकवून ठेवलं एका खणाने. या कपाटांत बहुधा एक खण औषधांचा असे. आचारी हाच तिथला वैद्य. रात्री कुणी घोड्यावरून पडला तर त्याचा हात अंधारात थेट त्या खणावर जायला हवा. म्हणजे खण हे जास्त सामान कोंबण्यासाठी नव्हतेच. उलट लाकडाचं वजन आणि जागा त्यात जातेच. ती किंमत मोजायची ती वस्तू चटकन सापडण्यासाठी.

मग मी आणि बाबा गॅरेजमध्ये कामाला लागलो. मी 18 मिमीचं प्लायवूड आणणार होतो. बाबा म्हणाले, "अरे, गाडीत सामान न्यायचंय की लाकूड?" 8 बाय 4 फुटांची तशी एक शीटच 30-35 किलो भरते. मग 12 मिमीचं आणलं. खोका नुसता ठेवून चालत नाही, जोरात ब्रेक लागला तर तो पुढच्यांच्या पाठीत येईल. म्हणून सामान बांधायच्या कड्यांना कंपनीने दिलेले बोल्ट होते, तिथेच तो आवळला. खणांना कड्या लावल्या, नाहीतर चढावर आपोआप उघडतात. महागड्या धातूच्या पट्ट्यांऐवजी लाकडी पट्ट्या लावल्या तर खण अडकायला लागले. "मेणबत्ती आण," बाबा म्हणाले. आजोबांच्या टेबलाच्या खणांना ते दर पावसाळ्यात मेण घासायचे. घासलं, आणि खण लोण्यासारखे सरकले.

आईने येऊन पाहिलं आणि म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला? माझा मिसळणाचा डबा बघायचास की. हळद कुठे ते मला डोळे मिटून कळतं."

आता यावर गुडनाइटसाहेब तरी काय बोलणार!

ते परत जायच्या आधी पुन्हा एकदा बिग बेंडला गेलो. रात्री तंबूत मला जाग आली तर बाबा जागेवर नव्हते. बाहेर पाहिलं, तर ते गाडीपाशी उभे. टॉर्च नाही, काही नाही. डावा खण उघडून पुढच्या कप्प्यातली गोळी तोंडात टाकत होते.

"जरा हात थरथरल्यासारखा वाटला," म्हणाले. "तुला कशाला उठवायचं?"

असो. बाबा आता घरी आहेत, तब्येत छान आहे. उजव्या खणात हल्ली पुन्हा पसारा झालाय. डाव्याला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही.