छपरावरून लिफ्टमध्ये

दोर तुटून कोसळणारी लिफ्ट भौतिकशास्त्राच्या वर्गात हमखास भेटते आणि ती आइन्स्टाइन यांच्या नावावर जमा आहे. पण कल्पना जन्मली तेव्हा तिच्यात लिफ्ट नव्हती. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात खुर्चीवर बसले असताना त्यांच्या मनात आला तो नुसता पडणारा माणूस: पडत असेपर्यंत त्याला स्वतःचं वजन जाणवणारच नाही! १९२० च्या एका हस्तलिखितात त्यांनी या माणसाला घराच्या छपरावरून पाडलं आणि हा आपल्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार असल्याचं लिहिलं.

कुळ त्याहून जुनं आहे. १६३२ च्या ग्रंथात गॅलिलिओने जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरं सोडली, टांगलेल्या बाटलीतून पाणी ठिबकवलं. जहाज एकाच वेगाने सरळ चालत असेल, तर ते चालतंय की थांबलंय हे आत कशावरूनच कळत नाही. लिफ्टचंही तेच. एकसारख्या वेगाने वर जाताना छताचा स्क्रू निसटला, तर अडीच मीटर खाली पोचायला त्याला सुमारे ०.७ सेकंद लागतात, थांबलेल्या लिफ्टमध्ये लागतात तेवढेच. फरक पडतो तो लिफ्ट वेग घेताना. वर निघताना तिचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद वाढत असेल, तर साठ किलोच्या माणसाखालचा वजनकाटा ६६ दाखवतो.

छपरावरून पडणाऱ्याला जमीन दिसते, हीच त्या चित्रातली उणीव. म्हणूनच आइन्स्टाइन यांच्या १९१७ च्या पुस्तकातली पेटी मला जास्त मोलाची वाटते. ताऱ्यांपासून दूर, झाकणाला कडी, कडीला दोर, आणि कोणीतरी तो सतत ओढतंय. आतल्याने हातातली वस्तू सोडली की ती तळाकडे जाते. पेटी गुरुत्वाकर्षणात टांगलेली आहे, असं तो खुशाल म्हणेल आणि त्याला खोडून काढता येणार नाही.

लिफ्ट आली १९३८ साली, लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्यासह लिहिलेल्या ‘द एव्होल्युशन ऑफ फिजिक्स’मध्ये. कोसळत्या लिफ्टमधला निरीक्षक खिशातला रुमाल आणि घड्याळ काढून सोडून देतो. दोन्ही तिथल्या तिथे राहतात. बाहेरच्याला मात्र लिफ्ट, माणूस, रुमाल, घड्याळ सगळंच सारख्या त्वरणाने खाली येताना दिसतं.

लिफ्ट फार रुंद असली तर बिंग फुटतं. एका टोकाला रुमाल, दुसऱ्या टोकाला घड्याळ सोडलं, तर दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे पडत असल्याने हळूहळू एकमेकांकडे सरकतात. पडूनही न पुसलं जाणारं हे गुरुत्वाकर्षण आइन्स्टाइन यांनी १९१५ साली अवकाश-काळाची वक्रता म्हणून समीकरणांत मांडलं.