३२ खासदारांचा पंतप्रधान : नेपाळमध्ये सरकारं सारखी का बदलतात?

नोव्हेंबर २०२२च्या निवडणुकीत पुष्पकमल दहल 'प्रचंड' यांच्या पक्षाला २७५पैकी फक्त ३२ जागा मिळाल्या. पक्ष तिसऱ्या क्रमांकावर राहिला, तरी पंतप्रधान झाले प्रचंडच. हे कसं घडलं?

दोन मतं, एक संसद

२००८मध्ये नेपाळमधली राजेशाही संपली आणि २०१५मध्ये सध्याची राज्यघटना आली. प्रतिनिधी सभेसाठी तिथला मतदार दोन मतं देतो, एक उमेदवाराला आणि दुसरं पक्षाला. १६५ खासदार थेट निवडून येतात. उरलेल्या ११० जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. यामुळे महिला, दलित, जनजाती आणि मधेशी समाजाला संसदेत स्थान मिळतं. पण कोणत्याही एका पक्षाला बहुमताचा १३८चा आकडा गाठणं कठीण जातं.

लहान पक्षाच्या हाती चावी

२०२२मध्ये नेपाळी काँग्रेसला ८९ आणि के. पी. शर्मा ओली यांच्या एमालेला ७८ जागा मिळाल्या. प्रचंड काँग्रेससोबत लढले होते. पंतप्रधानपदावरून फिसकटलं आणि ते ओलींकडे गेले. नंतर पुन्हा काँग्रेसकडे, मग परत ओलींकडे. मित्रपक्षाने पाठिंबा काढला की ३० दिवसांत विश्वासदर्शक ठराव मांडावा लागतो. प्रचंड यांनी दीड वर्षात असे पाच ठराव मांडले. जुलै २०२४मध्ये ते पाचवा हरले आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर ओली पंतप्रधान झाले.

दोष फक्त पद्धतीचा?

नाही. २०१८मध्ये ओली आणि प्रचंड यांचे पक्ष एकत्र आले, तेव्हा भक्कम बहुमत होतं. तरी अंतर्गत भांडणातून ओलींनी डिसेंबर २०२०मध्ये संसद बरखास्त केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली.

मतदाराचं काय?

ऑक्टोबर २०१५ ते सप्टेंबर २०२५ या काळात ओली, प्रचंड आणि शेर बहादूर देउबा हे तिघंच आलटूनपालटून पंतप्रधान होते. कालचा विरोधक आज सरकारमध्ये असेल, तर मतदाराने राग काढायचा कुणावर? सप्टेंबर २०२५मध्ये भ्रष्टाचार आणि सोशल मीडियावरच्या बंदीविरोधात तरुण रस्त्यावर उतरले. ७०हून अधिक जणांचा जीव गेला आणि ओलींना राजीनामा द्यावा लागला. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, संसद बरखास्त झाली आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली.