लग्नाची फीत, गावाचा पुरावा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी गाव उद्ध्वस्त झाले. पुढे त्याचे पुनर्वसन नव्या जागी झाले. म्हणून त्याआधीच्या एखाद्या लग्नाची व्हीएचएस फीत आज इतिहासाचे अस्सल साधन ठरते. वऱ्हाडामागची माळवदे, दगडी भिंती आता उरलेल्या नाहीत.

फीत डिजिटल करताना बिटरेट तोकडा ठेवला, तर संकोचनात हाच बारीक पोत प्रथम गळतो आणि भिंतीचा सपाट डाग होतो. त्यात जुन्या फितीची खरखरही बिट खाते. यास्तव जतनाची प्रत एफएफव्ही१ मध्ये, काहीही न गाळता ठेवावी. नातलगांना पाठवण्यासाठी एच.२६४ ची वेगळी प्रत करावी. सीआरएफ १८ च्या आसपास असावा, कारण हा आकडा वाढला की तपशील घटतो.

घराला नवरा-नवरी ओळखू आली तरी पुरे. इतिहासाला मागची भिंतही हवी.