भाषांतरकार आणि दुभाष्या

हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण कामे वेगळी आहेत. भाषांतरकारापुढे लिहिलेला मजकूर असतो, हाताशी कोश असतो आणि खाडाखोडीला वाव असतो. दुभाष्या मात्र ऐकलेले तोंडीच दुसऱ्या भाषेत सांगतो.

जुनी पद्धत अशी, की बोलणारा थांबे आणि मग दुभाष्या सांगे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा नारायण शेणवी त्यांचा दुभाष्या होता. दोनच भाषा असल्या की असे थांबत थांबत बोलणे निभावते.

२० नोव्हेंबर १९४५ला न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला, तेव्हा भाषा चार होत्या : इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन. प्रत्येक वाक्य पुन्हा तीनदा सांगत बसले असते तर खटला वर्षानुवर्षे रेंगाळला असता. म्हणून बोलणे चालू असतानाच भाषांतर करायचे ठरले. बारा-बारा दुभाष्यांचे तीन गट केले. सर्वांच्या कानाला यंत्रे लावली. पिवळा दिवा लागला की बोलणाऱ्याने सावकाश बोलायचे, तांबडा लागला की थांबायचे.

खरी अडचण व्याकरणाची होती. जर्मनमध्ये मुख्य क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येते. आपल्या मराठीतही तसेच. 'त्या हुकमावर मी सही केली' एवढे ऐकून दुभाष्याने इंग्रजीत सांगून टाकले आणि मागून 'नव्हती' आले तर? थांबावे तर पुढचे वाक्य निसटते. आणि समोर आरोपीच्या जिवाचा प्रश्न! निकालात बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तिघे निर्दोष सुटले.

चुका लेखी भाषांतरातही होत्याच. मार्च १९४६मध्ये गोरिंगच्या उलटतपासणीत अमेरिकेचे सरकारी वकील रॉबर्ट जॅक्सन यांनी एका जर्मन कागदाचा अर्थ 'राईन प्रांत मुक्त करणे' असा लावला. गोरिंगने दाखवून दिले, की तिथे राईन नदीचे पात्र मोकळे करण्याबद्दल लिहिले आहे. एवढ्या मोठ्या गुन्हेगाराचेही या एका शब्दापुरते म्हणणे बरोबर होते. मूळ कागद होता, म्हणून ते पडताळता आले. तोंडी बोलणे हवेत विरू नये म्हणून तेही ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि लिहून घेतलेली भाषांतरे नंतर त्यावरून तपासत.

दुभाष्याला आपण मधला माणूस म्हणून विसरून जातो. त्या दालनात आरोपी आणि न्यायाधीश दोघेही त्याच्याच कानांनी ऐकत होते.