दोन ल, एक संकेत

वडील गेल्यानंतर त्यांच्या कपाटात एक सीडी सापडली. बाळकुममधल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या खाडीच्या आठवणी त्यांनी १९९९ साली एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. मजकूर शाबूत होता, पण तो वाचता येईल असा फाँट कुठेच मिळेना.

खरं तर तेव्हा भारतीय लिप्यांसाठी समान संकेत उपलब्ध होता. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरलं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरच बेतलेला आहे. पण छपाईच्या बाजारात फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाने आपली वेगळी मांडणी केली. रोमन अक्षरांच्या २५६ जागांमध्ये अर्धा म कुठे, रफार कुठे, हे ज्याचं त्याने ठरवलं. गिऱ्हाईक एका फाँटात शिरलं, की त्याचा मजकूर तिथेच अडकायचा.

वेगळ्या चुली मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही मांडल्या गेल्याच. केडीई १९९६ साली सुरू झालं. ते ज्या क्यूटीवर उभं होतं, तिचा परवाना पुरेसा मुक्त नाही, म्हणून १९९७मध्ये ग्नोम निघालं. भांडण तत्त्वाचं होतं, पण भुर्दंड आपल्यासारख्यांनाही बसला. जोडाक्षरं जुळवण्याचं काम क्यूटीत वेगळं आणि ग्नोमच्या पँगोत वेगळं. म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दोन्हीकडे स्वतंत्रपणे शिकवायचा! २००६च्या सुमारास दोन्ही बाजूंच्या लोकांनी हे काम एकत्र आणलं. त्यातून उभं राहिलं हार्फबझ. नाव फारसी वळणाचं, अर्थ ‘ओपन टाइप’. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस त्याच्याच आधारे देवनागरी दाखवतात. केडीई आणि ग्नोम मात्र अजूनही वेगळेच आहेत, आणि त्यात कुणाचं काही बिघडलेलं नाही.

फाटे फुटले म्हणजे नुकसानच, असं मला म्हणूनच वाटत नाही. रेड हॅटने २००४ साली खुल्या केलेल्या लोहित फाँटांचं बरंच काम पुण्यात झालं. त्यांत ‘लोहित देवनागरी’ होता, तसा ‘लोहित मराठी’ही होता, कारण आपल्या ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. पण दोन्ही ‘ल’खालचा संकेत एकच. फाँट बदलला तर फार तर वळण बदलेल, शब्द हरवणार नाही. नव्वदच्या दशकात आपण नेमकं उलटं केलं. जिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता, त्या पायाच्याच वाटण्या केल्या.

वडिलांची फाइल शेवटी मी हाताने सोडवली. ‘बाळकुम’ हा शब्द पानोपानी असणार, एवढं ठाऊक होतं. तिथून सुरुवात करून एकेका चिन्हाचा तक्ता बनवला. असं गाठोडं आणखी कुणाकडे असेल, म्हणून तो खुला ठेवणार आहे. अकरा पानांपैकी दहा लागली. अकराव्यावर एका माशाचं नाव आहे. त्यातली दोन चिन्हं पुन्हा कुठेच येत नाहीत, आणि ते नाव सांगू शकणारं माणूस आता उरलेलं नाही.