छातींतलें पाणी

“छातींत पाणी झालें” हे तीन शब्द ज्या घरांत एकदां उच्चारले गेले असतील, त्या घरांतील मंडळींस त्यांचें भय निराळें सांगावयास नको. फुप्फुसाभोंवतीं दोन पातळ पडदे असतात. निरोगी स्थितींत त्यांच्यामध्यें केवळ थोडा ओलावा असतो. रोगानें तेथें पाणी सांचूं लागलें म्हणजे फुप्फुस दबतें व श्वास कोंडतो. परंतु बरगड्यांआड सांचलेलें हें पाणी वैद्यास कळावें कसें? या एका प्रश्नाचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो बोधप्रद आहे असें आम्हांस वाटतें.

प्राचीन ग्रीक वैद्यांचा मार्ग सरळ होता. हिपोक्राटीसच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, रोग्यास बसवून, खांदे धरून हालवावें आणि छातींतून खळखळ ऐकूं येते कीं काय तें पाहावें. युक्ति चांगली, पण तींत एक उणीव होती. अर्धी घागर हिंदकळते, भरलेली हिंदकळत नाहीं. छातींत पाण्याबरोबर हवाहि असेल तरच हा आवाज येतो. नुसतें पाणी मुकाट्यानें बसून राहतें. शिवाय ज्याचा जीव मेटाकुटीस आला आहे, त्यालाच गदगदां हालवावयाचें!

पुढील मोठें पाऊल १७६१ सालीं व्हिएन्ना येथें पडलें. तेथील स्पॅनिश रुग्णालयाचा वैद्य लेओपोल्ड आउएनब्रुगर हा ग्रात्स शहरांतील एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिपावर बोटें मारून आंत मद्य कोठवर आहे तें ओळखण्याची रीत त्यानें लहानपणीं पाहिली होती, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, निरोगी छाती ढोलासारखी घुमते आणि पाणी असेल तेथें आवाज बद्द होतो, हें त्यानें दाखवून दिलें. प्रेतांच्या छातींत पाणी भरून त्यानें त्याचा पडताळाहि घेतला. परंतु त्याच्या लहानशा लॅटिन ग्रंथाकडे विद्वानांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. अखेर १८०८ सालीं नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार यानें त्याचें फ्रेंच भाषांतर विस्तृत टीकेसह प्रसिद्ध केलें. मनांत आणतां तर हा शोध त्याला आपल्या नांवावर खपवितां आला असता. पण त्यानें श्रेय मूळ शोधकासच दिलें. पुढच्याच वर्षीं आउएनब्रुगर वारला.

कोर्व्हिसारचा शिष्य लेनेक यानें १८१६ मध्यें कागदाची सुरळी छातीस लावून ऐकण्याची रीत काढली. पाणी असतां रोग्याचा शब्द शेळीच्या ओरडण्यासारखा कांपरा ऐकूं येतो, हें निरीक्षण त्याचेंच. १८९५ सालीं रोंटगेननें क्ष-किरण शोधले, आणि आतां कानाचें काम संपलें असें पुष्कळांस वाटलें.

परंतु अत्यवस्थ रोगी उठून बसूं शकत नाहीं. बसलेल्या रोग्याचें पाणी खालीं उतरून स्पष्ट दिसतें. निजलेल्याचें पाठीशीं पसरतें, आणि छायाचित्रांत केवळ धूसरपणा उमटतो. अशा वेळीं पाणी नाहीं असें समजून स्वस्थ बसावें तर श्वास कोंडतो. आहे असें समजून सुई घालावी तर फुप्फुसासच इजा व्हावयाची. या पेंचांतून वाट दाखविली ती कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं. खाटेजवळ आणलेल्या यंत्राच्या पडद्यावर पाणी काळें दिसतें, व सुई कोठें घालावी हेंहि कळतें. २००४ सालीं फ्रान्समधील लिश्टेनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं ३२ अत्यवस्थ रोग्यांवर तिन्ही रीती ताडून पाहिल्या. पाण्याच्या बाबतींत ध्वनिलहरींचें निदान शेंकडा ९३, नळीनें ऐकण्याचें ६१, आणि खाटेवर घेतलेल्या क्ष-किरण चित्राचें अवघें ४७ बरोबर ठरलें. लेनेकच्या वारशानें रोंटगेनच्या वारशावर येथें मात केली!

यावरून नवें तेवढें चांगलें किंवा जुनें तेवढें खरें, असा कोणताच निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. परंतु रोग्यास हालवून प्रश्नाचें उत्तर मागणारी विद्या आज त्याच्या उशाशीं येऊन, त्यास न हालवितां तें मिळवीत आहे. दुबळ्या माणसाकडून कमीत कमी मागावें, ही दृष्टि येण्यास एवढीं शतकें लागलीं.