आवाजाचा लगाम

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

एखादे गाणे आवडले की आपण गायकाचे नाव विचारतो, संगीतकाराचे विचारतो, फार तर कवीचे. पण त्या गाण्यातला हळवा स्वर किती हळू राहिला आणि टिपेचा स्वर किती वर गेला, हे ठरवणारा आणखी एक जण असतो. तो म्हणजे ध्वनिमुद्रक. आणि त्याच्या हाताखाली एक यंत्र असते, कॉम्प्रेसर. टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर वेगळा. हा आवाज आवळणारा आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करू. मोबाइलमध्ये गाणी कमी जागेत मावावीत म्हणून ती लहान केली जातात. एमपी-थ्री हा त्यातलाच प्रकार. त्यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात, पण तिथे आवळली जाते ती माहिती. आपण बोलतो आहोत ते आवाजाच्या चढउतारांबद्दल. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबल, दोघांच्या गप्पा ६०, आणि भरगच्च वाद्यवृंद ऐन जोरात आला की १००. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले हे जे अंतर, त्याला आपण पल्ला म्हणू. कॉम्प्रेसर हा पल्ला कमी करतो. मोठा आवाज थोडा खाली खेचतो, मग सगळेच थोडे वर उचलतो. परिणामी हळू स्वर जवळ येतात.

याची गरज का पडावी? अंबरनाथचेच उदाहरण घ्या. इथले शिवमंदिर इसवी सन १०६० चे, शिलाहारांच्या राजवटीतले. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलात आणि गर्दी नसली, तर कुणी पुटपुटलेला मंत्रही स्पष्ट कानी येतो. तिथून निघून स्टेशनवर या आणि मुंबईची सकाळची लोकल पकडा. साठेक किलोमीटरचा प्रवास, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, शेजाऱ्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. आता कानात यंत्र खुपसून एखादी आलापी लावा. मंद्रातले स्वर रुळांच्या खडखडाटात बुडतात. म्हणून आवाज वाढवावा, तर तार षड्ज कानात सुईसारखा घुसतो. गाणे तेच, गायक तोच. बदलली ती ऐकण्याची जागा. गाभाऱ्यात जो पल्ला चालतो तो लोकलमध्ये चालत नाही. गेल्या शंभराहून अधिक वर्षांतला ध्वनिमुद्रणाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एका अडचणीशी केलेली तडजोड आहे.

आपल्याकडे ही तडजोड यंत्र येण्याच्या आधीच सुरू झाली होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पद ऐकू जायचे तर नटाने खणखणीतच गायला हवे. नायिका मनातल्या मनात बोलत असली, तरी तिचे ते मनातले बोलणे पिटापर्यंत पोहोचायला हवे. म्हणजे हळू आवाजाला तिथे फारशी जागाच नव्हती. पल्ल्याचा खालचा भाग रंगभूमीने आपोआप कापून टाकला होता.

पुढे १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मुद्रणात विजेचा संबंध नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाशी असलेला पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाचर उमटायची. फार हळू गायले तर स्वर खरखरीत हरवायचा. फार जोरात गायले तर सुई खाचरीच्या बाहेर उडी मारायची आणि तबकडी वाया जायची. मग उपाय काय? खालचा स्वर लावताना गायकाने कर्ण्याजवळ जायचे, तान वर जाऊ लागली की मान मागे घ्यायची. जगभर हीच रीत होती. कित्येकदा गायकाच्या पाठीशी एक माणूस उभा असे. तो त्याला खांद्याला धरून पुढे-मागे करी. ध्वनिमुद्रणातला पहिला कॉम्प्रेसर म्हणजे गायकाची मान, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

१९२५ साली विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि काही वर्षांत ते आपल्याकडेही पोहोचले. कर्ण्याच्या जागी माइक आला. तबकडी अजून अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचीच, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची. तिचा पल्ला जेमतेम ३०-४० डेसिबलचा. पण माइकला हळू आवाज ऐकू येत होता, हा फरक मोठा होता. गायकाला आता शेवटच्या रांगेसाठी गाण्याची गरज उरली नाही. समोर बसलेल्या एकाच माणसाला सांगावे तसे गाता येऊ लागले. मराठी भावगीत नेमके याच काळात बहरले, हा केवळ योगायोग नव्हे. १९३२ साली जी. एन. जोशी यांच्या आवाजात ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर आली आणि घराघरांत गाजली. हेच जोशी पुढे एचएमव्ही कंपनीत गेले आणि मुंबईत कित्येक थोर गायकांचे ध्वनिमुद्रण त्यांनी केले. नाट्यपदाचा आवाज रंगमंचाने घडवला. भावगीताचा आवाज माइकने घडवला.

मग आला रेडिओ. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. मीडियम वेव्हच्या प्रक्षेपणात एक कडक अट असते. आवाजाच्या चढउतारांप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमी-जास्त होते. तिने मर्यादा ओलांडली की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या हद्दीतही घुसतो. उलट आवाज फार खाली राहिला, तर दूरच्या गावातल्या श्रोत्याला वाऱ्यावादळाची खरखर तेवढी ऐकू येते. म्हणून नियंत्रण कक्षात एक तंत्रज्ञ काट्याकडे डोळे लावून बसलेला असे, बोटे बटणावर. गाणे चढले की तो बटण हलकेच मागे घेई, उतरले की पुढे करी. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' दर आठवड्याला प्रसारित होऊ लागले. एकूण ५६ गीते. कुठे एकटा व्याकूळ स्वर, कुठे वृंदाचा घोष. एवढा पल्ला त्या अरुंद वाटेने घरोघर न्यायचा, हे काम गवयाइतकेच कानाचे होते.

पण माणसाचा हात आवाज वाढल्यानंतर हलतो. तोवर उशीर झालेला असतो. अमेरिकेत १९३७ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने रेडिओ केंद्रांसाठी हेच काम आपोआप करणारे यंत्र बाजारात आणले. म्हणजे कॉम्प्रेसर जन्मला तो कलेच्या पोटी नव्हे, प्रक्षेपण यंत्राच्या रक्षणासाठी. तो ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नंतर स्थिरावला. साठच्या दशकात जिम लॉरेन्स यांच्या टेलेट्रॉनिक्स कंपनीचा एलए-टू-ए आला. त्यात आवाज वाढला की एक दिवा उजळे आणि त्या उजेडाने आवाज खाली ओढला जाई. १९६७ साली बिल पुटनम यांचा ११७६ आला, तो विजेच्या चपळाईने काम करणारा. आजही जगभरचे ध्वनिमुद्रक या दोघांची नावे आदराने घेतात.

आपल्या चित्रपटसृष्टीत मात्र बराच काळ जुनी रीतच मुख्य राहिली. गायक, वादक सगळे एका दालनात, माइक मोजके, आणि गाणे एका दमात. 'महल' या १९४९ च्या चित्रपटातले 'आयेगा आनेवाला' आठवा. सुरुवातीचा आवाज दुरून जवळ येत जातो. तो परिणाम कसा साधला, हे लताबाईंनी मुलाखतींमधून सांगितले आहे. माइक दालनाच्या मध्यावर ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल त्याच्याकडे चालत आल्या. आवाजाचा पल्ला पायांनी मोजला गेला! परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई संवाद, गाणी आणि पार्श्वसंगीत यांचा तोल सांभाळत. 'शोले'चे ध्वनिमिश्रण त्यांचेच. चित्रपटगृहाच्या साध्या कर्ण्यातूनही प्रत्येक शब्द कळला पाहिजे आणि तरी गोळी ही गोळीसारखीच वाटली पाहिजे, हे त्या कामातले आव्हान होते.

आता या यंत्राचे काम सोप्या शब्दांत पाहू. त्यावर चार मुख्य बटणे असतात. पहिले बटण उंबरठ्याचे, थ्रेशोल्ड. आवाज या रेषेच्या वर गेला तरच यंत्र जागे होते. दुसरे प्रमाणाचे, रेशो. ते चारास एक ठेवले, तर उंबरठ्याच्या वर १२ डेसिबल गेलेला आवाज ३ डेसिबलवरच थांबतो. तिसरे अ‍ॅटॅकचे, म्हणजे यंत्राने किती लवकर पकडायचे. चौथे रिलीजचे, म्हणजे किती लवकर सोडायचे. खरी कसोटी या शेवटच्या दोहोंत असते. तबल्यावर यंत्राने फार चटकन पकडले, तर चाटेचा टणत्कार मरतो आणि बोल पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखे लागतात. थोडे उशिरा पकडले, तर आघात सुटून जातो आणि मागचा नाद तेवढा सावरला जातो. गाण्यावर यंत्राने फार घाईने सोडले, तर दोन शब्दांच्या मधे तानपुरा एकदम फुगून वर येतो. शब्द आला की तो दबतो, शब्द संपला की पुन्हा फुगतो. जणू तानपुऱ्याला धाप लागली आहे. नवख्या हाताची ही खूण सरावलेला कान लगेच ओळखतो.

बेताने वापरले तर हे यंत्र गाण्याची सेवा करते. बिघडले ते पुढे. माणसाच्या कानाची एक खोड आहे. एकच गाणे थोडे मोठ्या आवाजात वाजवले की तेच जास्त चांगले वाटते. १९८२ साली सीडी आली. तिचा पल्ला ९६ डेसिबलचा, तबकडीच्या कितीतरी पट. एवढे मोठे अंगण मिळाल्यावर त्यात मोकळेपणी वावरायचे, तर कंपन्यांनी उलटेच केले. आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाटावे म्हणून सगळे आवळून छताला टेकवले. नव्वदच्या दशकापासून ही चढाओढ जगभर चालली. २००८ साली मेटॅलिका या बँडचा अल्बम इतका आवळलेला निघाला की त्याच्या चाहत्यांनीच तक्रार केली. व्हिडिओ गेममध्ये वापरलेली तीच गाणी त्यांना जास्त मोकळी वाटली. आपल्याकडेही टीव्हीवर जाहिरात लागली की रिमोट शोधावा लागतो, हा घरोघरचा अनुभव आहे. खरे तर केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतच जाहिरातींचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे म्हटलेले आहे.

उतारा निघाला तो मोजमापातून. कानाला आवाज किती मोठा भासतो, हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ साली ठरली. पुढे यूट्यूब आणि स्पॉटिफायसारख्या सेवा तिच्या आधारे गाणी एका पातळीवर आणून वाजवू लागल्या. आता जास्त आवळलेले गाणे तिथे मोठे वाजत नाही. ते खाली उतरवले जाते आणि शेजारच्या मोकळ्या गाण्यापुढे चपटे वाटते. ज्या लाभासाठी एवढा अट्टहास केला, तो लाभच उरला नाही.

हे सगळे सामान्य माणसाला कशाला हवे, असे कुणी म्हणेल. हवे आहे, कारण आज घरातल्या संगणकावर कॉम्प्रेसर फुकट मिळतो. अंबरनाथ-बदलापूरच्या फ्लॅटमध्ये बसूनही कुणी आपल्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करू शकतो, आजीच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज संगणकात उतरवू शकतो. त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, काटा तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त खाली जाऊ लागला तर थांबून विचार करावा. दोन, यंत्र लावलेले आणि न लावलेले गाणे सारख्याच आवाजात वाजवून तुलना करावी, नाही तर कान फसतो. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, मूळ मुद्रण जसेच्या तसे वेगळे जपून ठेवावे. कारण एकदा आवळून टाकलेला पल्ला पुन्हा उलगडून मिळत नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या हजारो ओव्या बायांच्या आवाजात मुद्रित केल्या. अशा ओव्या ऐकताना जात्याची घरघर मागे असते, बाईचा स्वर पुढे असतो आणि ओळ संपता संपता तो श्वासात विरतो. त्यावर कॉम्प्रेसर आंधळेपणाने लावला तर घरघर पुढे येईल, आणि ते विरणे ऐकू येणार नाही. माहेरच्या आठवणीने त्या बाईचा आवाज जिथे खाली गेला, तिथे तो खालीच राहू द्यावा. लोकलमध्ये ऐकायला वेगळी प्रत हवी असेल तर जरूर करावी. मूळ प्रत मात्र तशीच ठेवावी, गाभाऱ्यातल्या शांततेत बसून ऐकणाऱ्यासाठी.